एकसूत्राचा रकाना

४ जून

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण तुमच्या कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं आणि तुम्ही वैतागून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मी पुन्हा कॉलेजात नाव घातलंय. घ्या, सांगून टाकलं. लग्नानंतर मी पदवी अर्धवट सोडली तेव्हा माझ्या आईवडिलांपेक्षा तुम्हीच जास्त चिडला होतात, म्हणून आधी तुम्हाला सांगते आहे. इथे विद्यापीठाचं संध्याकाळचं केंद्र आहे. चष्म्याच्या दुकानातून सुटले की पायी पोचता येतं. तिथली बाई म्हणाली, तेव्हा पास झालेले विषय अजून धरता येतील, पण त्यासाठी ती आंतरविद्याशाखीय का काय ती पदवी घ्यावी लागेल. वेगवेगळ्या शाखांतले विषय आपणच निवडायचे आणि त्यांची एक पदवी करायची. निवडीचा आराखडा ऑगस्टअखेर मंजुरीसाठी पोचला नाही तर जुने विषय बाद, सगळं पहिल्यापासून. तसं झालं तर मी परत त्या पायऱ्या चढणार नाही, हे मला आजच ठाऊक आहे.

तुम्ही जन्मभर विद्यापीठाच्या कचेरीत बसून लोकांच्या पदव्या तपासल्यात. माझीही तपासाल का? मी निवडलेले विषय असे: भाषाशास्त्रातला ‘आवाज कसा घडतो’, मानसशास्त्रातला ‘मेंदू आणि वर्तन’, आणि संगीतातलं समूहगान. हेच का, ते विचारू नका.

तुमचा भाऊ बरा आहे. झटक्यात लुळ्या पडलेल्या उजव्या हाताने आता शर्टाची बटणं लावतो. रोज आपल्या सलूनमध्ये जाऊन बाकावर बसतो. दुकान त्याचा धंद्यातला जोडीदार व्यवस्थित सांभाळतोय. बोलणं येतंय हळूहळू.

तुमची वहिनी

११ जून

प्रिय वहिनी,

वयाने तू माझ्याहून कितीतरी लहान, तरी पहिल्या दिवसापासून तुला वहिनीच म्हणत आले, कारण नावाने हाक मारली की तू शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहायचीस. ती मुलगी परत शाळेत निघाली म्हणायची. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मी शेजारणीला बोलावून चहा पाजला.

आता कामाचं बोलू. या पदवीचं नाव उच्चारेपर्यंत अर्धं सत्र संपतं, पण नियम सोपे आहेत. तीन शाखा हव्यात. प्रत्येकीत एक तरी वरच्या पातळीचा विषय. एक प्रयोगशाळेचा, एक आकडेमोडीचा. हे सगळं जमवता येतं. लोक आपटतात ते शेवटच्या रकान्यात. त्याला एकसूत्र म्हणतात. हे तीन विषय एकाच माणसाला का हवेत, ते आपल्या शब्दांत एका पानात लिहायचं. एकाने लिहिलं होतं, ‘हे तिन्ही वर्ग तळमजल्यावर भरतात.’ मी तो अर्ज परत पाठवला, पण इमानदारीबद्दल त्याला हात जोडले.

तुझ्या निवडीबद्दल बोलू? आवाज कसा घडतो हे कळून तुला काय करायचंय? आणि समूहगान! अगं, तू आंघोळीतसुद्धा गुणगुणत नाहीस. बाळ्याचं दुकान आज ना उद्या तुलाच बघायचं आहे. हिशेब घे, व्यवस्थापन घे, तिसरं आरोग्य घे, म्हणजे त्याच्या औषधपाण्यालाही उपयोग. विचार कर. सोबत अर्ज पाठवते आहे, खाली सही करून मला परत धाड. बाकीचं इथे मी बघते, कचेरीत अजून माझी माणसं आहेत.

बाळ्याला सांग, घाबरू नकोस, शब्द अडले तर ताई आहे. लहानपणीही तो अडायचाच. वर्गात, दुकानात, पाहुण्यांसमोर, मी त्याची वाक्यं पुरी करून द्यायचे. तुझं लग्नसुद्धा माझ्यामुळेच झालं, आठवतंय ना? तू पहिल्यांदा घरी आलेलीस. दारात चपला घालता घालता तो म्हणाला, ‘मला वाटतं, आपण दोघांनी आता...’ आणि बसला अडकून. मी आतून ओरडले, ‘लग्न करावं!’ तो लालेलाल, तू लालेलाल. झालं काम.

तुझी ताई

२ जुलै

प्रिय ताई,

अर्ज सही करून पाठवते आहे. विषय मी तेच ठेवणार म्हणते, तेवढे तुम्ही भरा. एकसूत्राचा रकाना मात्र कोरा आहे. रोज पेन घेऊन बसते आणि उठते. मनात सगळं आहे, पण कागदावर आलं की ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. लिहून झालं की वेगळं पाठवते, तोवर अर्ज तुमच्याजवळच असू द्या.

समूहगानाच्या वर्गाला नुसतीच बसून आले. शिकवणारीने मला एक ओळ म्हणायला लावली आणि मग अतिशय प्रेमाने मागच्या रांगेत पाठवलं.

तुमच्या भावाला तुमचा निरोप वाचून दाखवला. त्याने मान हलवली.

तुमची वहिनी

६ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

महिना उलटला, तुझा पत्ता नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मला काळजी वाटली, पण त्याहून जास्त तुझ्या आराखड्याची वाटली. ऑगस्टअखेर म्हणता म्हणता येतो, आणि या कचेरीत शेवटच्या आठवड्यात काय गोंधळ असतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. तू संसार, दुकान, नवरा यांत बुडालेली असशील हे मी ओळखलं आणि ठरवलं, हिचं हे एक ओझं आपण उतरवू.

तर ऐक. तुझा आराखडा मंजूर झाला. हिशेब, व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य. तिन्ही शाखा नीट बसतात, आकडेमोड आणि आरोग्याची प्रयोगशाळाही आपसूक भागते. एकसूत्र मीच लिहिलं. प्रत सोबत आहे, वाच. ‘आजारपणाने विस्कटलेला एक छोटा व्यवसाय पुन्हा उभा करू पाहणारी गृहिणी’ अशी सुरुवात केली आहे. माझ्या जागी आता जो मुलगा बसतो, तो म्हणाला, इतकं मुद्देसूद पान यंदा आलं नाही.

आता निवांत अभ्यास कर. आभार मानू नकोस, त्यापेक्षा बाळ्याची खुशाली कळव.

तुझी ताई

१२ ऑगस्ट

ताई,

तुमचं पत्र मी चष्म्याच्या दुकानात, काचा घासायच्या यंत्रापाशी उभी राहून वाचलं. मग यंत्र बंद केलं. राग आला होता, आणि रागात हात चालवला की काच वाया जाते.

पान फार छान लिहिलंय तुम्ही. त्यातली बाई कोण आहे, ते मात्र मला माहीत नाही. मला तिच्याशी काही घेणं नाही. तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, हेही मला कळतं. म्हणूनच बोलायला इतकं जड जातंय. पण बोलते, कारण आता न बोलून भागणार नाही.

मी तुम्हाला लिहिलं होतं, बोलणं येतंय हळूहळू. ते खरं नव्हतं. मार्चमध्ये तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून तुमचा भाऊ जवळजवळ गप्पच झालाय. आणि जुलैत तर त्याने प्रयत्न करणंही सोडलं, म्हणून माझं पत्र आलं नाही. काय लिहिणार होते?

सलूनमध्ये काय होतं ते सांगते. मागे एकदा तो बाकावरून उठला आणि म्हणाला, ‘का... का...’ जोडीदाराने कंगवा दिला. एका गिऱ्हाइकाने कात्री दिली. दुसऱ्याने गळ्याचं कापड पुढे केलं. सगळी चांगली माणसं, सगळी त्याच्यावर जीव टाकणारी. त्याने कंगव्याकडे बघून मान हलवली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि तो कंगवा हातात धरून परत बसला. मी दारातून बघत होते. घरी आल्यावर खूप वेळाने कळलं, त्याला आरशाची काच पुसायची होती. कोपऱ्यात डाग होता. जन्मभर त्याने आरशावर डाग राहू दिला नाही.

तो कशालाही हो म्हणून मान हलवतो, ताई. तुम्ही इथे होतात तेव्हा जेवताना म्हणालात, ‘भात हवा ना?’ त्याने मान हलवली. ‘पाणी?’ मान हलवली. ‘ताई आली म्हणून बरं वाटलं ना?’ मान हलवली. तुम्ही खूश होऊन गेलात. तुम्ही गेल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं.

वाचा-उपचार करणारी बाई येते. ती म्हणते, शब्द त्याच्यापाशी आहेत, वाट मात्र लांब झाली आहे. त्याला आणून देऊ नका, येऊ द्या. मला ते जमत नाही. मीही देते शब्द, तोंडातून निघूनच जातात. त्याला अडलेलं बघवत नाही म्हणून देते, त्याच्यासाठी देत नाही. म्हणून मला शिकायचं होतं. आवाज गळ्यातून ओठांपर्यंत येताना कुठे कुठे अडतो ते. मेंदूत ती वाट परत कशी पडते ते. आणि गाणं यासाठी, की बोलता न येणारा शब्द तो सुरात म्हणतो. खरंच म्हणतो. त्या बाईने एक ओळ लावून दिली आणि त्याने ‘पाणी’ गाऊन मागितलं. मला त्याच्याबरोबर गायचं आहे, बेसूर असले तरी.

हे सगळं एका पानात लिहिता येईना, कारण ते लिहिणं म्हणजे तो गप्प झालाय हे कबूल करणं होतं. मी अडले होते, ताई. थोडं थांबायला हवं होतं. तुम्ही माझंही वाक्य पुरं करून टाकलंत.

तो आराखडा मला नको. त्यात मी पास झाले तरी काय उपयोग?

तुमची वहिनी

१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. नंतरचे दिवस कुणावर रागावले होते ते सांगत नाही.

तो भिंतीकडे तोंड करून निजला होता हे मला माहीतच नव्हतं. मी गाडीत बसून डबा उघडला आणि मनाशी म्हटलं, चला, बाळ्या मजेत आहे. हे आठवलं की डबा उघडवत नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते असं मला वाटायचं. इतकं ओळखते, की त्याला बोलायची गरजच पडू नये. यात चूक काय होती हे मला अजून नीट उमगत नाही, पण चूक होती हे कळलंय. तेवढ्यावर तूर्त भागव.

आता कामाचं. काल विद्यापीठात जाऊन आले. ज्या खिडकीच्या आत मी जन्म काढला, तिच्या बाहेर रांगेत उभी राहिले. बाहेरून ती खिडकी फार उंच आहे, वाकून बोलावं लागतं. कुणी कधी बोललं कसं नाही मला? माझ्या जागेवरच्या मुलाला सांगितलं, आराखडा मागे घ्यायचा आहे. तो म्हणाला, बाई, एवढं सुंदर पान? मी म्हटलं, पान सुंदर आहे, पण ते माझं आहे, तिचं नाही, आणि हे माझ्यासारखीला सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. त्याने घेतला मागे. नवा कोरा अर्ज सोबत आहे. तुझ्या हाताने लिहिलेला, ऑगस्ट संपायच्या आत त्याच्या टेबलावर पोचायला हवा. मला सही करून कोरा अर्ज पाठवू नकोस. मलाच काय, कुणालाच पाठवू नकोस.

तुझे विषय मी तपासले, तेवढं तर मला येतं. तिन्ही शाखा बसतात. मेंदूच्या विषयाला प्रयोगशाळा आहे, ते भागलं. आकडेमोडीचा मात्र एकही नाही, तिथे अर्ज अडकेल. त्यासाठी दोन पर्याय चालतात. एक, आकडेवारीची ओळख. दुसरा, ध्वनीचं भौतिकशास्त्र. यातला कोणता घ्यावा, याबद्दल माझं ठाम मत आहे. इतकं ठाम, की लिहिता लिहिता पेन दोनदा खाली ठेवलं. पण सांगणार नाही. जीभ चावून बसले आहे. तू ठरव.

एकसूत्राच्या रकान्याबद्दल मी काही बोलत नाही.

ताई

२५ ऑगस्ट

प्रिय ताई,

अर्ज आज केंद्रात दिला, ते उद्याच तुमच्या कचेरीत पोचवतात; पोचपावती घेतली. ध्वनीचं भौतिकशास्त्र निवडलं. फार अवघड आहे असं सगळे म्हणतात. तुमचं ठाम मत दुसऱ्या बाजूचं असेल तर आता उशीर झाला.

एकसूत्र लिहिलं. पान भरलं नाही, पण केंद्रातली बाई म्हणाली, भरायलाच हवं असा नियम नाही. तुम्हाला उतरवून पाठवते:

‘माझ्या नवऱ्याचं सलून आहे. तो दिवसभर बोलायचा. आजारपणानंतर त्याचे शब्द उशिरा येतात, आणि ते येण्याआधीच आम्ही सगळे आपापले शब्द त्याला देऊन टाकतो. मला त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला शिकायचं आहे. नुसतं गप्प बसणं म्हणजे थांबणं नव्हे, हे मला कळलं आहे. त्या वेळात आत काय चाललेलं असतं ते माहीत असेल, तर मला धीर धरता येईल. म्हणून आवाज, म्हणून मेंदू. आणि गाणं यासाठी, की समूहात गाताना दुसऱ्याच्या आधी पुढे जाता येत नाही.’

देण्याआधी त्याला वाचून दाखवलं. त्याच्याबद्दल लिहिलंय, तर त्याला विचारायला नको? तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘ताई...’ आणि अडला. मी हात मांडीखाली घालून बसले, कारण माझे हातही त्याच्यासाठी बोलू लागतात. चहा गार झाला. त्यावर साय धरली. शेवटी तो म्हणाला, ‘ताई... घाई.’ आणि हसला. ताई, तो हसला. किती महिन्यांनी, ते मला सांगता येणार नाही.

मला धीर आला, म्हणून मी आणखी एक विचारलं. म्हटलं, त्या दिवशी दारात चपला घालताना तू म्हणालास, ‘मला वाटतं, आपण दोघांनी आता’, आणि पुढचं ताई बोलल्या. पण तू काय म्हणणार होतास? इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं बघा. लग्न झालं, त्यामुळे उत्तर मिळालंच असं धरून चालले होते.

तो विचार करत राहिला. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग आलं. ‘फि... फिरायला. जावं.’

चपला घालत होता, ताई! आपल्या दोघींच्या लक्षात यायला हवं होतं. मी हसून हसून रडले. मग विचारलं, आणि लग्नाचं कधी विचारणार होतास? पुन्हा थांबले. या खेपेला तेवढं जड गेलं नाही. तो म्हणाला, ‘नंतर.’

म्हणजे तुम्ही ओरडला नसतात, तर मी आधी फिरायला गेले असते. लग्न बहुतेक झालंच असतं. माझा तुमच्यावरचा राग गेला, हे सांगायला हे सगळं लिहिते आहे. आणि संध्याकाळी आम्ही फिरायला गेलो. तो हळू चालतो, पण पुलापर्यंत पोचलो.

तुमची वहिनी

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

आराखडा मंजूर! सगळे जुने विषय धरले. वर्ग पुढच्या सोमवारपासून आहेत, आणि चष्म्याच्या दुकानातल्या मालकिणीने मला अर्धा तास आधी सुटायची परवानगी दिली आहे.

सोबतची चिठ्ठी तुमच्या भावाची आहे. डाव्या हाताने लिहिली आहे. सकाळी सुरुवात केली, मी दुकानातून परत आले तेव्हाही टेबलाशीच होता. मी काही सुचवलं नाही, एक अक्षरही नाही. जशी आहे तशीच घातली आहे. संपली का, असं मी विचारलं, तर त्याने मान हलवली नाही. ‘नाही’ म्हणाला. पुढचं लिहायचं नाही, सांगायचं आहे, असं त्याचं म्हणणं दिसतं. असं मला वाटतं. चुकतही असेन.

तुमची वहिनी

(चिठ्ठी)

ताई

हिचा अर्ज पास. ये तू. भात नको मला. कधीच नको होता.

मला तुला सांगायचं आहे की

१८ सप्टेंबर

बाळ्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. भाताचं वाचून आधी धक्का बसला, मग हसू आलं. पोरा, एवढी वर्षं तुझ्या ताटात मीच वाढत आले.

‘की’च्या पुढे जी जागा सोडली आहेस, ती मी तशीच ठेवली आहे. तिथे काय असेल ते मला अगदी माहीत आहे असं वाटलं, लगेच वाटलं, सवयीने. मग चिठ्ठीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. कदाचित मला वाटतं ते नसेलच.

गुरुवारी येते आहे. वहिनीला सांग, माझ्यासाठी चहा टाक, गार झाला तरी मी पिईन. चार दिवस राहीन, लागले तर आणखी राहीन. तुझ्यासमोर खुर्ची घेऊन बसेन, कानातलं यंत्र नीट लावून.

तू सांग सावकाश. घाई नाही.

तुझी ताई